शहाताकाकांची गरम फरशी

अलेक्झांड्रियातल्या आमच्या गल्लीत शहाताकाकांचं दही प्रसिद्ध. ऐन हिवाळ्यातही मातीच्या कुंड्यांत ते घट्ट लागे. आपल्या आजोबांच्या विरजणाचा गुण, असं काका सांगत. कुंड्या मात्र न चुकता मागच्या भिंतीलगतच्या फरशीवरच ठेवत.

रमजानच्या तोंडावर वीज कंपनीच्या इंजिनीअर नरमीनबाई आल्या. गल्लीतल्या दुकानांखालून गेलेली केबल त्या हिवाळ्यात दोनदा जळाली होती. त्यांनी मागच्या फरशीवर तळहात टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"काका, हे विरजण नव्हे. खाली केबल तापलीय."

भोवतालची माती सुकली की उष्णता बाहेर पडत नाही, केबलचं आवरण भाजून निघतं, आणि एखाद्या दिवशी ऐन इफ्तारला गल्ली अंधारात जाईल, असं त्यांनी समजावलं. निम्मा भार समोरच्या फुटपाथखालच्या नव्या केबलवर टाकायचा होता. ईदपर्यंत थांबा, अशी काकांनी विनवणी केली. पहाटे रोजा धरण्याआधी, सहरीला, सगळी गल्ली त्यांचंच दही खाई. या महिन्यावर त्यांचं वर्ष निघे. बाई बधल्या नाहीत. मग काका घासाघिशीवर आले.

"निम्मा भार म्हणजे निम्मी ऊब. वर घोंगडी टाकून भागवीन."

"निम्मी नाही, पाव. करंट निम्मा झाला की उष्णता चौथाईवर येते."

"तुमच्या कंपनीचं माप कधी आमच्या बाजूनं पडलंय, बाई?"

पहिल्या रोज्याला कुंड्यांत दूधच होतं. काकूंनी कबरस्तानात जाऊन आजोबांना विचारून यायला सुचवलं. काकांनी विजेचा हीटर आणला आणि कुंड्यांच्या मागे लपवला. दही लागलं, पण बेतास बात.

निम्मा रमजान सरला तेव्हा नरमीनबाई पुन्हा आल्या. जुन्या केबलवरचा भार होता तिथंच परत गेला होता. न्हावी, शिंपी, चपलांचा दुकानदार, सगळ्यांकडे नवे कोरे हीटर निघाले. सगळ्यांच्याच फरश्या इतके हिवाळे फुकट गरम होत्या, आणि हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी बाई काकांकडे आल्या. फरशीला हात लावला. गरम होती. कुंड्यांतलं दही सुरीनं कापावं असं लागलं होतं.

"काका, निदान तुम्ही तरी तो हीटर बंद करा."

काकांनी एक कुंडी त्यांच्यापुढे सरकवली.

"केव्हाच केला, बाई. लोकांचे चालू आहेत ना."