तेरा थेंब

माझ्या सासऱ्यांनी बारा वर्षांत एकदाही मला त्यांच्या माशांच्या टाकीत बोट बुडवू दिलं नाही, आणि तरी टाकीतली कोरलं मारल्याचं खापर फुटलं ते माझ्याच डोक्यावर. हे आधीच सांगते, म्हणजे मी शांतपणे बोलते आहे असा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

टाकी बैठकीच्या खोलीत, खिडकीलगत. खाऱ्या पाण्याची, सहा फूट लांब. मासे चारच, बाबांचा जीव कोरलांत, म्हणजे जिवंत प्रवाळांत. त्यातलं जांभळ्या फांद्यांचं झुडूप त्यांनी बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यापासून वाढवलेलं. कोरल पाण्यातले क्षार ओढून घेऊन आपला सांगाडा बांधतं, म्हणून पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे क्षारपणा, सारखी मोजावी लागते. बाबा रोज सकाळी खिडकीशी बसत. काचेच्या नळीत टाकीतलं थोडं पाणी घ्यायचं आणि त्यात बाटलीतलं औषध थेंबाथेंबाने टाकायचं. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं. मग जितक्या थेंबांनी ते पिवळं होईल तितका आकडा. आठ-नऊ आला की उत्तम. कमी आला की बाबा खायचा सोडा पाण्यात विरघळवून हळूहळू टाकीत सोडत. तेवढा वेळ घरात कोणी मोठ्याने बोललेलंही त्यांना खपत नसे.

मग एक दिवस त्या फांद्यांची टोकं पांढरी पडायला लागली.

"आकडा सहाच्या वर जात नाही," बाबा म्हणाले. "रोज सोडा घालतोय तरी. कोणीतरी पाणी बिघडवतंय."

घरात माणसं तीन. नवरा सकाळी सातला बाहेर पडतो. म्हणजे 'कोणीतरी' कोण, ते विचारायची सोयच नव्हती.

"भांडी घासता घासता उठतेस आणि त्याच हातांनी काच पुसतेस. साबण गेलाय टाकीत."

"बाबा, मी काच बाहेरून पुसते."

"बाहेरून म्हणे!"

मी रंगाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक पडद्याची चिंधी घेऊन येतं आणि मी त्याला तस्सा रंग कालवून देते. नाक मुरडण्यासारखं काम असेल, पण डोळा तयार होतो. एका सकाळी चहा द्यायला गेले तेव्हा बाबांनी सहावा थेंब टाकला, नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "झालं पिवळं." नळीत पिवळ्याचा मागमूसही नव्हता.

"बाबा, अजून निळंच आहे."

"रंग तू शिकवणार मला? चार डबे ढवळलेस म्हणून?"

दुपारी ते आडवे झाल्यावर मी स्वतः मोजलं. तेरा थेंब. नळी धुऊन पुन्हा मोजलं, पुन्हा तेरा. पाण्याचा आकडा आधीच चढलेला असताना हा माणूस रोज वर सोडा ओतत होता, आणि त्या सोड्यानेच कोरलं भाजून निघत होती. आठवड्यापूर्वी बाबा एका पायात निळा आणि एका पायात काळा मोजा घालून बाहेर पडले होते, तेव्हा मी हसले होते. आता हसू आलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला नळी हातात देऊन थेंब मोजायला लावले. त्याचेही तेराच आले. त्याने नळी खाली ठेवली.

"मोतीबिंदू असणार. डॉक्टरांना दाखवू."

"आणि तोवर सोडा?"

"ऑपरेशन होईपर्यंत काही बोलू नकोस. आपल्याच हातांनी मारलं हे कळलं तर खचतील ते. तुला काय, चार शब्द ऐकून घे."

ते 'तुला काय' मी अजून विसरलेले नाही. आणि मी तरी काय केलं? मूग गिळून गप्प बसले. दोनदा सोड्याचा डबा लपवला, दोनदा बाबांनी नवा आणला. ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. तोवर ते झुडूप बुंध्यापर्यंत पांढरंफटक झालं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा साबणाची गोष्ट सांगत होते, आणि शेजारीणबाई मला जिन्यात गाठून भांडी घासायला राख वापरून बघ म्हणाल्या.

डोळ्यावरची पट्टी निघायची वाट बाबांपेक्षा मीच जास्त पाहिली. माफी मला नकोच होती. 'तुझा दोष नव्हता', एवढं एक वाक्य पुरलं असतं.

पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते खिडकीशी बसले. मी दारात उभी. सहाव्या थेंबाला ते थांबले. नळी उजेडात धरली, डोळा बारीक केला. सातवा टाकला. आठवा. तेराव्याला पाणी पिवळं झालं. त्यांनी नळी धुतली आणि सगळं पहिल्यापासून केलं. मग कितीतरी वेळ ते सोड्याच्या डब्याकडे बघत राहिले. खरं सांगते, मला त्यांची दया आली. एवढं सगळं होऊनही आली.

त्याच संध्याकाळी टाकीतले मासे नि कोरलं विकणारा दुकानदार त्यांना बघायला आला. टाकीसमोर येताच त्याने कपाळावर हात मारला.

"अरेरे, काका! हे कसं काय झालं?"

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चांगलं नीट पाहिलं.

"काय सांगायचं," ते दुकानदाराला म्हणाले. "सुनेने साबणाचा हात घातला."

नवरा त्यांच्या शेजारीच बसला होता. त्याने ट्रेमधला एक कप उचलला.