दहांत नसलेली भाषा

माझ्या खुर्चीत माणूस आडवा झाला की त्याला छताशिवाय दुसरं काही दिसत नाही. मी दातांचा डॉक्टर. इतकी वर्षं लोक माझं ते पांढरं छत बघत पडायचे आणि त्यावरच्या ओलीच्या डागात कुणाला बदक दिसायचं, तर कुणाला आपली सासू. मग बंदर वाढलं. जहाजांवरची, बांधकामांवरची परदेशी माणसं गाल धरून जिना चढायला लागली आणि मला एक कल्पना सुचली. जगात सगळ्यात जास्त बोलल्या जाणाऱ्या दहा भाषा घेतल्या आणि प्रत्येकीत चारपाच वाक्यं छापून घेतली: तोंड उघडा, दुखतंय का, हलू नका, चूळ भरा. खाली आमच्या लिपीत उच्चार. तो भलामोठा तक्ता थेट छतावर चिकटवला. पेशंटनं आपल्या भाषेकडे बोट दाखवायचं आणि आम्ही वर बघून वाचायचं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी ताई. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनंच मला वाढवलं, शिकवलं, आणि मी डॉक्टर झाल्यावर दवाखान्याचा ताबा घेतला. नंबर देणं, फोन घेणं, मला कापूस आणि चिमटा देणं, आणि घाबरलेल्या पेशंटचा हात धरणं ही सगळी तिची खाती. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक मुलगा वाढवला, तेवढ्यात दमले."

तक्ता लागला त्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली.

"आपली कुठाय?"

"आपली पहिल्या दहांत नाही, ताई."

"घर आपलं, छत आपलं, आणि आपल्यालाच जागा नाही? छान!"

पण तक्ता सगळ्यात आधी तिनंच पाठ केला. चालताबोलता ती स्पॅनिशमधून तोंड उघडायला सांगायची आणि फ्रेंचमधून चूळ भरायला लावायची. तक्त्यावरून वादही व्हायचे. मी इंग्रजी पहिली आणि चिनी दुसरी लावली होती. एका जहाजावरचा चिनी आचारी खवळला. "आईकडून आलेली भाषा मोजा, आम्ही पहिले! शाळेत छडी खाऊन शिकलेलीसुद्धा मोजणार असाल, तर मग इंग्रजी." हिशेब बरोबर होता त्याचा. ताईनं त्याला समजावलं की इथे जो आधी येईल त्याचा नंबर आधी, आणि तुमचा आत्ता चौथा आहे, बसा.

एके दिवशी आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आला. पन्नाशी ओलांडलेला, जाड मिशा, अंगाला वंगणाचा वास. त्याला आम्ही ओळखत होतो, पण नमस्कारापुरतं. तो नेहमी जिन्यानं चढायचा. एकदा ताईनं कारण विचारलं, तेव्हा मोडक्या इंग्रजीत म्हणाला होता, "लिफ्टमध्ये आत काय आहे, मला माहीत आहे."

त्या दिवशी त्याचा गाल टम्म सुजला होता आणि दुखण्यापायी तेवढं इंग्रजीसुद्धा पळालं होतं. खुर्चीत पडल्यावर त्यानं वर बघितलं, बराच वेळ शोधलं आणि शेवटी रशियनकडे बोट दाखवलं. मी दाढेला नुसता हात लावला.

"बोल्ना!" तो ओरडला.

ताई लगेच पुढे आली. तिच्या डोक्यात सगळ्या ओळी एकत्र झालेल्या. तिला वाटलं हे हिंदी आहे, बिचारा काहीतरी बोला म्हणतोय. तिनं त्याचा हात धरला आणि सुरुवात केली: आजची थंडी, स्वतःचे गुडघे, वरच्या मजल्यावरच्या बाई, ज्या पहाटेपासून खुर्च्या सरकवतात.

"बोल्ना, बोल्ना!"

"हो हो, बोलतेय ना," ताई म्हणाली आणि खुर्च्या सरकवणाऱ्या बाईंच्या सुनेवर आली.

माझं लक्ष वर गेलं. रशियनच्या ओळीत ‘दुखतंय’च्या खाली स्पष्ट लिहिलं होतं, बोल्ना. मी गपचूप भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं. नंतर त्याला घोटाळा सांगितला, तेव्हा तो अर्ध्या बधिर तोंडानं हसायला लागला. लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. जाताना ताईला म्हणाला, "तुमचं बोलणं, औषध. थोडं उशिरा लागतं."

दाढेचं रूट कॅनॉल करायचं होतं, म्हणून तो तीनचार वेळा आला. दाढ बरी झाली आणि लिफ्ट बिघडायला लागली. आमची लिफ्ट तोवर वर्षाकाठी एकदा अडकायची. त्या हिवाळ्यात ती दर आठवड्याला रुसायला लागली. लिफ्टवाले, आता ते अहोजाहोचे झाले होते, यायचे, दोराला वंगण लावायचे, आणि मग हात धुवायला म्हणून आमच्याकडे. माझ्या बेसिनवर ते हात धुवायचे, आणि ताई साबण पुढे करून उभी. वरच्या बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "डॉक्टर, लिफ्ट बिघडलीय की आणखी काही?" मी म्हटलं, मला फक्त दातांतलं कळतं.

ताई आणि लिफ्टवाले इंग्रजीत बोलायचे. इंग्रजी दोघांचीही नव्हती. दोघंही तिच्यात ठेचकाळत, हातवारे करत चालायचे. क्रियापदं वाटेत गळून जायची. एकदा लिफ्टवाले बाकावर बसून फोनवर आपल्या बहिणीशी बोलत होते. ती दूर, त्यांच्या डोंगरातल्या गावी. काय बोलत होते देव जाणे, पण माणूस पार बदलून गेला होता. भुवया नाचत होत्या, आवाज वरखाली होत होता, आणि पलीकडची बहीण इतकी हसत होती की फोनमधून आमच्यापर्यंत ऐकू येत होतं.

"ही रशियन?" फोन ठेवल्यावर ताईनं विचारलं.

"नाही. रशियन शाळेत, सैन्यात. ही माझी. छोटी. एक डोंगर ओलांडला की संपते." मग शब्द जुळवत ते म्हणाले, "इंग्रजीत मी मठ्ठ माणूस. रशियनमध्ये सरकारी माणूस. माझ्या भाषेत फार गमतीचा माणूस. बायको होती, तिला माहीत होतं. आता इथे कुणाला माहीत नाही."

ताईनं बहिणीला सांगितलेली गंमत सांगा म्हणून आग्रह केला. त्यांनी प्रयत्न केला.

"एक माणूस घरी येतो. त्याच्या खुर्चीत गाढव. पाय पसरून. जेवतंय. माणूस विचारतो, तू कोण? गाढव म्हणतं, पाहुणा. माणूस वाकून नमस्कार करतो आणि झोपायला गोठ्यात जातो."

आम्ही वाट बघत राहिलो.

"संपलं," ते म्हणाले. "माझ्या भाषेत फार हसतात."

त्या संध्याकाळी अवजारं उकळत्या पाण्यातून काढताना ताई म्हणाली, "अरे, कोट्यवधी लोकांच्या भाषा तू छतावर लावल्यास. आणि एका माणसाची सगळी गंमत अशी तोंडातल्या तोंडात राहते. बरं दिसतं का ते?"

"मग काय करायचं? अकरावी ओळ?"

"ओळीनं काय होतंय? मला ती गंमत कळली पाहिजे."

अशी ती वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी शिकायला बसली. त्या भाषेचं पुस्तक कुठेच मिळालं नाही, फोनमध्येही काही सापडलं नाही. पुस्तक म्हणजे लिफ्टवाले स्वतः. दुपारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा बाकावर दोघांची शाळा भरायची. भांडं, पाणी, चमचा, काल, उद्या, सरक. त्या भाषेत घशाच्या तळातून येणारा एक आवाज होता. ताईला तो काही केल्या जमेना. ती सराव करायला लागली की लवकर आलेले पेशंट एकेक खुर्ची सोडून लांब बसायचे.

शेवटी मीच वैतागलो. लिफ्टवाल्यांना खुर्चीत घेतलं, दिवा लावला, आरसा तोंडात घातला आणि म्हटलं, काढा तो आवाज. त्यांनी काढला. पुन्हा काढा. मग ताईला खुर्चीत बसवलं. "हे बघ, तू जीभ टाळूला लावतेस. त्यांची जीभ खाली सपाट राहते, फक्त मूळ मागे जातं, पडजिभेपर्यंत. इथे." चमच्यानं तिची जीभ दाबून धरली. तिनं जोर लावला. आवाज आला. लिफ्टवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कामावर इतकं खूश झालेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं, पेशंटला तर नाहीच.

हिवाळा सरला. ताई आता त्यांच्या बहिणीशी फोनवर दोन वाक्यं बोलायची, तिसऱ्याला अडायची आणि फोन त्यांच्या हातात द्यायची.

एक दिवस मी एका शाळामास्तरांची अक्कलदाढ काढत होतो. दाढ वाकडी बसलेली, मी घामाघूम. ताई बाजूला चिमटा धरून उभी. एकदम ती हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग चिमटा ताटलीत पडला. मास्तर तोंड उघडं ठेवून भेदरलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते.

"ताई! काय झालं?"

"अरे, जावई!" तिला धाप लागली होती. "त्यांच्यात पाहुण्याला आणि जावयाला शब्द एकच! काल त्यांची बहीण म्हणाली, माझा पाहुणा आलाय, घर डोक्यावर घेतलंय. मी म्हटलं, पाहुणा असं कसं करेल? आत्ता कळलं. खुर्चीत गाढव बसलंय, पाय पसरून, आणि विचारलं तर म्हणतं, मी जावई!"

मास्तरांनी घशातून काहीतरी आवाज काढला. त्यांना तीन मुली, तिघींचीही लग्नं झालेली. तेही हसत होते. हसता हसता त्यांचा जबडा सैल झाला आणि माझ्या हातात दाढ आली.

ताई तोवर बाहेर पळाली होती. लिफ्टवाले वर गच्चीवरच्या मोटारीपाशी होते. लिफ्टचा दरवाजा उघडा टाकलेला, पुढे फळी आडवी लावलेली. ताईनं फळीवरून डोकं आत घातलं आणि वरच्या अंधारात तोंड करून ओरडली. त्यांच्या भाषेत ओरडली. मला त्यातला ‘गाढव’ हा शब्द तेवढा कळला.

वर पाना पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून सहा मजल्यांतून घुमत त्यांचं हसू खाली आलं. मजल्यामजल्यावरची दारं उघडली. ताई खाली हसतेय, ते वर हसतायत, मधे लोक विचारतायत काय झालं.

हसू ओसरल्यावर वरून त्यांनी काहीतरी विचारलं. छोटंसंच वाक्य. ताई फळी घट्ट धरून उभी राहिली. तिचे कान लाल झालेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"विचारतायत, मी तुमच्या घरी पाहुणा म्हणून येऊ का."

"मग येऊ दे की! त्यात विचारायचं काय? रोज तर येतात."

ताईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी मी गणित चुकवल्यावर बघायची. "बावळटा," ती म्हणाली, "शब्द एकच आहे." आणि वर तोंड करून तिनं उत्तर दिलं. तेही छोटंसंच होतं.

लग्न महिन्याभरात झालं, कचेरीत, सह्या करून. साक्षीदार मी आणि शाळामास्तर. त्यांची बहीण फोनच्या पडद्यावर होती आणि सगळा वेळ रडत होती. अधिकाऱ्यांनी शपथ कुठल्या भाषेत घेणार विचारलं. भावोजींनी आमच्या भाषेत घेतली. तेही गुपचूप शिकत होते, आणि शिकवणाऱ्या होत्या वरच्या मजल्यावरच्या बाई. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात थोडा खुर्च्या सरकवण्याचा ठसका आहे.

ताई त्यांच्या घरी राहायला गेली. घर दोन गल्ल्या पलीकडे, पण पहिले काही दिवस मला दवाखान्यात उगाच मोठ्यानं बोलायची सवय लागली. कपाट उघडलं की कापूस जागच्या जागी असायचा, आणि तो तिनं लावलेला आहे हे आठवून मी कपाट तसंच उघडं ठेवून उभा राहायचो. नवी मुलगी ठेवली आहे. हुशार आहे, पण पेशंटचा हात धरायला लाजते. ताई आठवड्यातून दोन दिवस येते आणि तिला धरायला शिकवते.

परवा सुट्टी होती म्हणून संत्री घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. दार लोटलेलं होतं आणि आत कडाक्याचं भांडण चालू होतं. ताईचा आवाज चढलेला, त्यांच्या भाषेत, घशाच्या तळापासून. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून असावं, कारण ती दोनदा उघडली आणि दोनदा बंद झाली. मधेच भावोजी शांतपणे काहीतरी म्हणाले. त्यावर ती जास्तच भडकली आणि ओलं फडकं त्यांच्या अंगावर आपटलं. मी आत पाय टाकला.

"बघ रे यांचं!" ताई म्हणाली. "मी इथे जीव तोडून भांडतेय, आणि हे माझं क्रियापद सुधारतायत!"

"चुकीचं होतं," भावोजी आमच्या भाषेत म्हणाले. "भूतकाळात भांडत होती. खिडकी आत्ता उघडी आहे."

मग दोघंही एकदम मला आपापली बाजू सांगायला लागले. ताई रागाच्या भरात त्यांच्या भाषेत, ते आमच्या भाषेत, आणि दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. मी दोघांकडे बघून मान डोलावली, खिडकी अर्धी लावली आणि संत्री सोलायला घेतली.