चकचकीत वजनं

गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीतला सगुणबाबांचा काजूचा कारखाना तसा लहानच. पण त्यांची लेक गौरवी हिच्या डोक्यात आयएसओ प्रमाणपत्राचं खूळ शिरलं आणि तिथली शांतता गेली.

"म्हापशाच्या बाजारात आपल्या काजूला कोण नावं ठेवतो? मग कागद कशाला?" सगुणबाब कुरकुरत.

"म्हापशाचं गिऱ्हाईक तुम्हाला ओळखतं, बाबा. जर्मनीचा व्यापारी काय तुमचं तोंड बघायला तुयेला येणार? तो प्रमाणपत्र बघणार. नसेल तर ऑर्डर नाही."

झालं! वह्या आल्या, तक्ते आले. पॅकिंग सांभाळणारी चंद्रावती बावीस वर्षं चोपड्याहून बसने येत होती. आता तिच्यामागे नवं काम लागलं. रोज सकाळी अर्ध्या किलोचं पितळी वजन काट्यावर ठेवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. आधी ती वैतागली. मग गोडीच लागली. आपल्या अक्षराने भरलेली पानं बघून ती मनातल्या मनात खूश व्हायची.

दसऱ्यानंतर मात्र आकडा बिघडला. पाचशे पूर्ण येईना, रोज चारशे नव्याण्णव पूर्णांक नऊ. खंडेनवमीच्या पूजेला काटा उचलला होता नारायणाने. हा बांद्याचा, माल चढवणारा. त्यानेच आपटला असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तो देवाशपथ नाही म्हणत होता, पण ऐकतो कोण! मेकॅनिक दोनदा येऊन काटा ठीक आहे म्हणाला, तर त्यालाच काही येत नाही असं ठरलं. सगुणबाब येता-जाता नारायणाला टोमणे मारत. बिचारा हल्ली चार माणसांत बसायचाही नाही.

अशात प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी पुण्याहून ऑडिटरबाई आल्या. वही चाळता चाळता थांबल्या. "वीस दिवस रोज तेवढाच फरक. कारण?"

"काटा पडलाय. तो बघा, त्याच्या हातून," सगुणबाबांनी दारातल्या नारायणाकडे बोट दाखवलं.

बाईंनी वजनांची पेटी मागवली. झाकण उघडलं आणि आतलं पितळ लखलखलं. "इतकं चकचकीत कसं?"

काळवंडलेली वजनं देवासमोर कशी ठेवायची, म्हणून खंडेनवमीला आमसुलाची सोलं आणि राख घेऊन चंद्रावतीनेच ती खसाखसा घासली होती. मळाबरोबर पितळही झिजतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता बोललं तर प्रमाणपत्र जाणार, ऑर्डर जाणार, बावीस वर्षांचं नाव जाणार. तिने दाराकडे पाहिलं. नारायण खांद्यावर पोतं घेऊन खाली बघत उभा होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"नारायणान काय एक करूक नाय, बाब. वजनां मिया घासलंय. राखेन."

सगुणबाबांनी कपाळावर हात मारला. "अगे, आजच सुचलं तुला हे?"

बाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "वजनं घासायची नसतात, हातमोजे घालूनच उचलायची असतात, हे यांना कोणी सांगितलं होतं?"

गौरवीचा चेहरा पडला. कोणीच सांगितलं नव्हतं.

बाईंनी एक लहानशी त्रुटी नोंदवली. वजनं तपासून आणा, कामगारांना शिकवा, महिन्याभरात पुरावा पाठवा. प्रमाणपत्र अडणार नाही, म्हणाल्या. त्या गेल्यावर गौरवी फॉर्म भरू लागली. "कारण: वजनं कशी हाताळावीत, हे शिकवलं नव्हतं."

"आणि माझं नाव?" चंद्रावतीने भीत भीत विचारलं.

"नावाला यात रकानाच नाही गे. काय चुकलं ते विचारतात, कोणाचं ते नाही."

चंद्रावतीचा जीव भांड्यात पडला. आणि मग तिला असा काही राग आला! "मग वीस दिवस नारायणाचं नाव कुठल्या रकान्यात घातलं होतं आपण?"

सगुणबाब उठले, चपला घातल्या आणि तडक बाहेर शेडमध्ये गेले. चंद्रावती दारापर्यंत धावली.

"नारायणा, चुकलो रे मी," ते म्हणाले.

नारायणाने पोतं खाली ठेवलं, घाम पुसला. "जरा मोठ्यान सांगा, बाब. पॅकिंगातल्या बायकांक ऐकाक इला नाय."

आणि सगुणबाबांनी ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं.