परतीच्या तिकिटाचे तास

ही गेली त्याला चौथा महिना लागला, तेव्हा तिच्या नावानं बस कार्यालयाचं पत्र आलं. भाडेवाढीवर आपली हरकत मिळाली, सुनावणीला या, बोलायला तीन मिनिटं मिळतील. सोबत तिच्याच अक्षरातल्या हरकतीच्या कार्डाची प्रत होती.

"भाडं वाढवायचं तर वाढवा, त्याशिवाय तुम्ही थोडेच राहणार. पण परतीच्या तिकिटाचे तास कापू नका. काढल्यापासून दोनच तास चालणार म्हणता. आजारी माणूस घड्याळ लावून आजारी पडत नाही."

हे कार्ड तिनं कधी टाकलं, मला ठाऊक नव्हतं. तिची मोठी बहीण, आमची ताई, गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या दवाखान्यात असते. मागच्या वॉर्डात, जिथं लवकर बरी न होणारी माणसं ठेवतात. ही दर मंगळवारी आणि शुक्रवारी बसनं तिच्याकडे जायची.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला जाता? लग्नात दोन शब्द बोला म्हटलं तर तुम्ही संडासात जाऊन बसला होता."

खरं होतं. आमच्या घरात बोलायचं खातं हिच्याकडे. मी बस डेपोत एकतीस वर्षं सीटा शिवल्या. रेक्झिन, दाभण आणि मी. तिथं बोलायची गरज पडत नाही.

पण तिला बोलावलं होतं आणि कुणीच गेलं नाही, असं मला होऊ द्यायचं नव्हतं.

सुनावणी कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. दारात टेबल टाकून एक कारकून मुलगी बसली होती. मी पत्र दिलं, काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "घरच्या माणसाला बोलता येतं, काका. तिकीट दाखवा."

मी पास दाखवला.

"हा तर कर्मचाऱ्यांचा. निवृत्त झालात तरी फुकटचाच ना? पासवाल्यांना बोलता येत नाही. आजचं तिकीट काढलेला प्रवासी पाहिजे. पत्राच्या मागं लिहिलंय."

पत्राची मागची बाजू मी वाचलीच नव्हती. आणि तिकीट तर मी उभ्या जन्मात काढलेलं नव्हतं. पास माझा एकट्याचा होता. ही तिकीट काढायची, मी शेजारी पास खिशात ठेवून बसायचो.

"तुमचा नंबर सतरावा," मुलगी म्हणाली. "आत्ता अकरावा चाललाय. कोपऱ्यावर बस थांबते. पळा."

पळालो. बस मिळाली, कंडक्टर नेमका ओळखीचा निघाला.

"एका टप्प्याचं तिकीट दे."

"मामा, डोकं ठिकाणावर आहे ना? तुमच्याकडून पैसे घेतले तर डेपोत मला उभा जाळतील."

"दे रे बाबा, काम आहे."

"ज्या सीटवर बसायचं ती तुम्हीच शिवलेली, आणि तिकीट काढता!" त्यानं तिकीट फाडलं आणि पुढच्या बाईला म्हणाला, "बघा, असली माणसं आता राहिली नाहीत." मी पुढच्या थांब्यावर उतरून धापा टाकत परत आलो. सोळावा माणूस बोलून खाली बसत होता.

पुढं तिघं साहेब. मधले अध्यक्ष, बारीक चणीचे, हातात पेन. माझं नाव पुकारलं. म्हणजे हिचं. मी उभा राहिलो.

"साहेब, मी तिचा नवरा. ती अकराला निघायची आणि पाचच्या आत घरी असायची. मी म्हणायचो, बस की बहिणीजवळ अजून थोडं. म्हणायची, नको. आता तिचं हे कार्ड वाचल्यावर मला उलगडा झाला. तिकिटाची वेळ पाचला संपत असणार. म्हणजे तुम्ही आधीच तिला बहिणीजवळून उठवत होता, आता तर—"

"अहो दाजी, सातपर्यंत असतं ते!"

मागून आवाज आला. आमच्या कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. तिचा नवरा ताईच्याच वॉर्डात आहे. दोघी बरोबर जायच्या.

"बाई, तुमचा नंबर आला की बोला," अध्यक्ष म्हणाले.

"माझा नंबरच नाही. कार्ड कुठं मिळतं ते मला कुणी सांगितलं? पण खोटं कागदावर जायला नको. तिकीट सात वाजेपर्यंत चालतं. ती पाचला पोचायची ती यांच्यासाठी. म्हणायची, हे चहा करायला गेले तर दूध उतू घालतील आणि वर मलाच विचारतील, दूध कुठं गेलं."

सगळी खोली हसली. मीही हसलो असतो, पण डोळे भरून आले. एवढी वर्षं मला वाटलं, तिला घर सुटत नाही.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सातपर्यंतची वेळ त्यांना लागतच नव्हती. मग आम्ही ती कमी करतोय, त्याला हरकत कसली?"

तिचं काम मीच बिघडवलं होतं. ती असती तर तिनं या साहेबांना एका वाक्यात गार केलं असतं. मी खुर्चीची पाठ धरली. शिवण उसवलेली होती.

"साहेब," मी म्हणालो, "अकरा ते पाच, सहा तास होतात. घरी माझ्यासारखं ध्यान, म्हणून ती घाई करायची. तरी सहा तास लागायचे. दोन तासांतला एक तर जाण्यातच जातो. ताईला पुसून, भरवून, दोन गोष्टी बोलून उरलेल्या एका तासात कोण उठेल?"

"एक मिनिट राहिलंय."

"ते हिला द्या."

अध्यक्षांनी शेजारच्या साहेबांकडे पाहिलं आणि मान हलवली. इस्त्रीवाली पदर खोचून उभी राहिली.

"माझा नवरा भरवल्याशिवाय खात नाही. एका घासाला पाच मिनिटं. गालात धरून ठेवतो. थांबावं लागतं. तुमच्या दोन तासांत तो अर्धा जेवतो, साहेब. अर्धा जेवलेला माणूस तसाच सोडून येऊ? का परत येताना दुसरं तिकीट काढू? मग त्याला फळ कशातून नेऊ?"

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी पेन उचललं आणि लिहिलं. मी मान उंचावून पाहिलं. खरंच लिहीत होते.

पाच आठवड्यांनी थांब्यावर सूचना लागली. मंगळवार होता, मी ताईकडे निघालो होतो. इस्त्रीवाली डबा घेऊन सूचनेपुढं उभी होती.

"वाचा की दाजी मोठ्यानं, चष्मा घरी राहिला."

चष्मा तिच्याकडे नाहीच. मी वाचलं. नवं भाडं पहिल्या तारखेपासून. परतीचं तिकीट पूर्वीप्रमाणे सायंकाळी सातपर्यंत.

"म्हणजे भाडं वाढलंच शेवटी!"

"वाढलं."

"मग एवढं धावतपळत जाऊन केलंत तरी काय?"

ही असती तर तिनंही हेच विचारलं असतं, ह्याच सुरात. मला फार बरं वाटलं.

"तास वाचवले," मी म्हणालो.

"ते वाचवले," ती म्हणाली, आणि डबा माझ्या हातात देऊन बसमध्ये चढली.