मागच्या चाकाचा आवाज

रेसरने नखाने एक स्पोक छेडला. काही नाही. शेजारचा छेडला. तिथेही काही नाही. बोटाच्या टोकाला तेवढी थरथर लागली आणि विरून गेली.

मागचे चाक त्याच्यासमोर गॅलरीत, लाकडी घोडीवर उभे होते. रिमच्या अगदी जवळ खडू धरून त्याने चाक फिरवले. खडू कुठेही घासला नाही. म्हणजे डोळ्यांना चाक सरळ होते. पण कालही ते असेच सरळ होते आणि परवाही. सायकलला बसवून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचा अवकाश, की चाक पुन्हा आऊट. डावी-उजवी मान हलवत ब्रेकला घासायला लागायचे. त्या आठवड्यात त्याने ते तिसऱ्यांदा उतरवले होते.

कारण त्याला ठाऊक होते. चाक विणायची विद्या त्याला गल्लीच्या तोंडावरच्या सायकल मिस्त्रीने दिली होती. मिस्त्री म्हणायचा, "डोळ्यानं चाक सरळ दिसतं, पण कानानं ते सरळ राहतं. एका बाजूचे सगळे स्पोक एका सुरात बोलले पाहिजेत. एक जरी धुसफुसत राहिला, तर चार दिवसांत घर फुटलंच म्हणून समज." बत्तीस स्पोक, दोन सूर. गिअरच्या बाजूचा चढा, दुसऱ्या बाजूचा उतरता. आणि रेसरच्या कानांत आता त्यातला एकही शिरत नव्हता.

हे कोणालाच माहीत नव्हते. घरातल्या माणसालासुद्धा नाही.

रेसर हे नाव कारखान्यातल्यांनी चेष्टेने पाडलेले. एकोणतीस वर्षे तो कामावर आला तो एका जुन्या काळ्या सायकलवरून. तिची घंटा सोडून बाकी सगळे वाजते, असे फाटकावरचा पहारेकरी म्हणायचा. पण डब्याच्या सुट्टीत हा माणूस रेसच्या सायकलींची जुनी मासिके काढून बसायचा. वाचता फारसे यायचे नाही, चित्रे बघायचा. गेल्या शुक्रवारी तो निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांनी विचारले, आता काय करणार? तो म्हणाला होता, "पुढच्या आठवड्यात, रविवारी, माझ्या सायकलवरून चढावर जाणार."

तो चढ गावाबाहेर, पुलापलीकडे. बारा वर्षांचा असताना तो तिथे बापाला जेवण द्यायला जायचा. बाप रस्त्याच्या कामावर खडी पसरायचा. एका दुपारी वरच्या वळणावरून वीस-पंचवीस सायकलवाले एकदम उतरले. पाठी वाकलेल्या, पाय जागच्या जागी थांबलेले, आणि मागच्या चाकांतून एक आवाज. वाळलेल्या शेंगांचे पोते कोणी हलवत न्यावे तसा. डोळ्यांची उघडझाप होते न होते तोच सगळे पुलापार. धूळ खाली बसेपर्यंत पोरगे तिथेच उभे.

बाप म्हणाला, "बघितलंस? पाय न मारता चाललेत. आपल्याला नाही परवडायचं ते."

हे त्याच्या मनात असे रुतले की पुढे सगळे निघाले, हे निघाले नाही.

कारखान्याच्या प्रेस खात्यात पत्रे दाबणाऱ्या यंत्रांचे घणासारखे ठोके दिवसभर पडायचे. तिथे कोणी टिकत नसे, म्हणून त्या खात्याला पगारावर वेगळा भत्ता होता. लग्नानंतर रेसरने तो मागून घेतला. पगार घराचा, भत्ता सायकलचा, असे बायकोशी बोलणे झाले होते आणि त्याने ते पाळले. आधी आली ती पोलादी फ्रेम. ती पलंगाच्या वर, भिंतीतल्या दोन खुंट्यांना टांगली. मग काही वर्षांनी हँडल, वाकड्या शिंगांचे. मग ब्रेक. मधे मुलीचे शिक्षण आणि लग्न आले, तेव्हा चार वर्षे काही आले नाही. फ्रेमवर तेवढे टॉवेल वाळायचे. बायको शेजारणीला सांगायची, "माझी सवत आहे ती. खायला मागत नाही, उलटून बोलत नाही, आणि निजते आमच्या डोक्यावर."

दर वर्षी कारखान्यात कानांची तपासणी व्हायची. हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायचे. जो नापास होईल त्याची बदली गोदामात. तिथे शांतता होती, आणि भत्ता नव्हता. एके वर्षी रेसर हेडफोन लावून बसला आणि त्याला काहीच ऐकू येईना. समोर औषधांचे कपाट होते. त्याच्या काचेत मागे बसलेल्या नर्सचा हात दिसत होता. तिचे बोट यंत्रावर खाली गेले की हा बटण दाबायचा.

"वा काका," नर्स म्हणाली होती, "कान अगदी तरुण आहेत हो तुमचे."

त्या वर्षी मागच्या चाकाचा हब आला, पाय थांबले की टकटकणारा मधला तुंबा. पुढची आठ वर्षे तो त्या काचेत बघूनच पास होत राहिला.

सगळे आवाज गेले नव्हते. ठोका ऐकू यायचा, ट्रक ऐकू यायचा, पुरुषांची जाड बोलणी यायची. गेले ते बारीक आवाज. शिट्टी, किल्ल्यांचा जुडगा, मुलगी. तिचा फोन आला की तो "आईशी बोल" म्हणून फोन पुढे करायचा. आणि गेला बायकोचा आवाज. तिचा आवाज लग्नातही बारीकच होता. त्याला तेव्हा तो फार आवडायचा. ती समोर असली की ओठांवरून निम्मेअधिक कळायचे. पाठमोरी बोलली की ते बोलणे भिंतीला. सुरुवातीला ती दोन-दोनदा बोलायची. मग एकदा. मग कामापुरते.

गुरुवारी संध्याकाळी मिस्त्री आला. आता तो दुकानात बसत नसे, पण गल्लीतले कुठले चाक कसे आहे याची त्याला खबर असे. त्याने गॅलरीत बूड टेकले, चाक फिरवून बघितले आणि आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पुतण्याकडे देऊन टाक. त्याच्याकडे ताण मोजायचं मीटर आलंय. पाच मिनिटांचं काम."

"नको."

"का नको? रविवार तीन दिवसांवर आलाय. मीटर काय चावतं का?"

"एवढी वर्षं थांबलो ते दुसऱ्यानं चाक विणावं म्हणून? माझे हात आहेत ना."

"हात आहेत रे बाबा, पण..." मिस्त्रीने दोन-तीन स्पोक छेडले आणि रेसरकडे चमकून बघितले. एवढे बेसूर चाक त्याच्या शिष्याने कधी विणले नव्हते. तो काही बोलणार तेवढ्यात रेसरची बायको चहा घेऊन आली. कप ठेवताना मान खाली घालून ती काहीतरी म्हणाली. रेसर चाकाकडेच बघत होता.

मिस्त्रीने त्याला कोपराने ढोसले. "अरे, वहिनी विचारतात, साखर घालू का आणखी."

"हां? नको."

ती आता मिस्त्रीकडे वळून बोलली. मिस्त्री कसनुसा हसला.

"काय म्हणते?" रेसरने विचारले.

"म्हणतात, तुमचं बरं पहिल्या हाकेला ऐकू जातं यांना."

मिस्त्रीने चहा घाईघाईने संपवला आणि तो उठून गेला. जाताना त्याने रेसरच्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ.

रेसर पुन्हा बसला. किल्ली घेतली. एक स्पोक पाव फेरा आवळला, छेडला. मग त्याच्या समोरचा. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ जबड्याच्या हाडाला आणि टोक रिमला लावून बघितले. मशिनमधला बिघाड हुडकायची ही जुनी युक्ती. हाडात नुसती गुणगुण झाली. सगळ्या स्पोकांची एकच.

कोणीतरी खांदा धरून हलवला. बायको समोर उभी होती, आणि ती बराच वेळ बोलत असावी, कारण तिचा चेहरा लाल झाला होता. आता ती अगदी तोंडासमोर वाकली.

"बद्द वाजतोय तो! आठ दिवस ऐकतेय मी. हा बद्द, तो बद्द, आणि तुम्ही त्याला सोडून भलत्यालाच पिळताय. मघापासून ओरडतेय. ऐकू येत नाही का?"

बायका नवऱ्यांना हे रोज म्हणतात, आणि उत्तराची वाट कोणी बघत नाही. रेसरने किल्ली खाली ठेवली.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"येत नाही. ऐकू येत नाही मला."

ती तशीच वाकलेली राहिली. मग हळूहळू सरळ झाली. "चेष्टा करताय."

त्याने मान हलवली. मग त्याने सगळे सांगितले; भत्ता, कपाटाची काच, नर्सचे बोट. सांगताना तो चाकाकडे बघत होता. सांगून झाल्यावर ओठ वाचायला त्याला वर बघावेच लागले.

"मिस्त्रींचं येतं ते?"

"तो घोगरा आहे. बारीक आवाज आधी जातात."

"आणि माझा बारीक."

"तुझा बारीक."

"म्हणजे मी नऊ वर्षं..." तिने वाक्य सोडून दिले. "पोरगी मला विचारते, बाबांचा माझ्यावर राग आहे का. मी तिला सांगते, त्यांचा स्वभावच तसा झालाय. माझ्याच तोंडानं सांगते हो मी!"

ती आत निघून गेली. स्वयंपाकघरात भांडी आपटत असावी. रेसरला आवाज आला नाही, पण फरशीतून तळपायांना धक्के बसत होते. ते सगळे त्याने मोजल्यासारखे सोसले. मग धक्के थांबले.

ती आली तेव्हा तिच्या एका हातात स्टूल होते आणि दुसऱ्या हातात लाल पेन्सिल. वीस वर्षे ती कपबश्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. पट्ट्यावरून कप यायचे, ती प्रत्येकाला टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर लाल फुली. डोळ्यांना न दिसणारा तडा तिच्या कानांनी कधी सोडला नव्हता.

ती स्टूल ओढून चाकापलीकडे, त्याच्या समोर बसली.

"वाजवा," ती म्हणाली.

त्याने पहिला छेडला. तिने तळवा वर केला: आवळा. त्याने पाव फेरा दिला. अजून थोडा. तळवा आडवा झाला: बस. दुसरा. तळवा खाली: सैल करा. मिस्त्रीने शिकवलेले त्याने तिला एकदाच सांगितले, ही बाजू चढी, ती उतरती. तिने पुन्हा विचारले नाही. जिथे खूप बिघाड होता तिथे ती पेन्सिलीने खूण करायची आणि पुढे चला म्हणायची. मग परत त्या खुणांवर यायची. एक आवळला की शेजारचे दोन बदलत. तिसऱ्या फेरीत तिने डोळे मिटून घेतले. आता त्याला फक्त तिचा हात बघायचा होता, आणि बघून काम करायची त्याला सवय होतीच.

मधेच तो म्हणाला, "काय बोलायचीस तू? मला ऐकू यायचं नाही तेव्हा?"

तिने डोळे उघडले. "सगळं काय आता लक्षात आहे? गॅस संपला, छत गळतंय, असलंच." थोड्या वेळाने ती त्याला दिसेल अशी मान वर करून म्हणाली, "एकदा म्हटलं होतं, सायकल झाली की मलाही न्या एकदा मागं बसवून. तुम्ही गप्पच. मी म्हटलं, जाऊ दे."

"हिला मागं सीट नसते," रेसर म्हणाला.

"माहीत आहे. डोक्यावर टांगलेली बघतेच आहे की." ती किंचित हसली, आणि लगेच तिने तळवा वर केला. "हा आवळा."

शुक्रवारी तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि आला. चाक आऊट झाले नाही. शनिवारी पुलापर्यंत गेला. खडू लावून बघितले. कुठेही घासला नाही.

रविवारी उजाडताच तो निघाला. चढाला दम लागला. दोनदा उतरावे लागले. वरच्या वळणावर थोडा वेळ त्याने श्वास खाली बसू दिला. मग बसला, पाठ वाकवली, दोन पाय मारले आणि थांबवले. सायकल आपल्याआप सुटली. बापाने जिथे खडी पसरली होती तो रस्ता चाकाखालून लोण्यासारखा निघून गेला. कानांजवळ वारा घोंघावत होता, तो जाडा. ऐकू येत होता. त्याच्या आत, मागे, शेंगांचे पोते हलत असणारच. रेसरने मान कलती केली, एका बाजूला, मग दुसऱ्या. पूल आला आणि गेला.

तो घरी आला तेव्हा बायको दारात उभी होती. तिने आधी चाकाकडे बघितले.

"राहिलं सरळ?"

"राहिलं. केसभरही हललं नाही."

"आणि तो आवाज? ज्यासाठी एवढं?"

त्याने नाही म्हणून मान हलवली, आणि रुमाल काढून फ्रेम पुसायला घेतली. पुसण्यासारखे तिच्यावर काही नव्हते.

बायको पायरी उतरून खाली आली. तिने त्याला सीट धरून मागचे चाक उचलायला लावले. मग वाकून हाताने पेडल जोरात फिरवले आणि सोडून दिले. चाक मोकळे फिरायला लागले. तिने त्याचा रिकामा हात ओढून घेतला, तळवा उलटा केला, आणि मनगटावर नखाने टिचक्या मारायला लागली. आधी भराभर, एकीत दुसरी मिसळेल इतक्या. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मान कलती करून चाकाचे ऐकत होती. वेग उतरला तशा टिचक्या सुट्या झाल्या. मग एक. मग थांबून एक. मग बऱ्याच वेळाने आणखी एक.

चाक थांबले. तिचे बोट मनगटावर तिथेच टेकलेले राहिले.