साठ बैठका

कुरुळीत भिमाजीला नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. सगळे 'पैलवान' म्हणत. वय सत्तावन्न, कुस्तीत चुरगळलेले कान, आणि पंचवीस वर्षं तालमीत वस्तादकी केलेली, त्यामुळे रस्त्याने निघाला की निम्मं गाव पाया पडायला वाकायचं. हल्ली मात्र तो रस्त्याने जाणंच टाळायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याला डेंग्यू झाला. ताप आठवड्यात उतरला, अंगदुखी उतरली नाही. आज खांदे, उद्या मांड्या, परवा तळपाय. आठ तास झोपून उठला तरी वाटायचं, रात्रभर कोणी आपल्याकडून पोती वाहून घेतलीत. आंघोळ करून आला की पुन्हा आडवं व्हावंसं वाटायचं. रक्त तपासलं, मणक्याचा एमआरआय काढला. सगळं नॉर्मल. 'नॉर्मल' ऐकलं की मुलगा विकी खूश व्हायचा आणि भिमाजी आणखी गप्प व्हायचा.

विकीचा टेम्पोंचा धंदा होता. बायकोमुलीसह तो मोशीच्या फ्लॅटमध्ये राहायचा. भिमाजी इथे, आपल्याच कांद्याच्या वावरात बांधलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एकटा. खालच्या खोल्यांत कंपनीत जाणारी भाडेकरू कुटुंबं. बायको चिमाबाई जाऊन चार वर्षं झाली होती.

शेवटी पिंपरीतल्या एका डॉक्टरांनी वीस मिनिटं देऊन तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं. फायब्रोमायल्जिया. "दुखणं खरं आहे काका, मनाचे खेळ नाहीत," ते म्हणाले. "गोळीने थोडा फरक पडेल. जास्त फरक व्यायामाने पडेल. पण तुमच्या पद्धतीच्या नाही."

ते नाव भिमाजीच्या जिभेवर बसेना. म्हणून त्याने कोणाला सांगितलंच नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "गुडघा हाय जरा." पैलवानाचा गुडघा जातो. त्यात कमीपणा नसतो.

डॉक्टरांनी त्याला चाकण रस्त्यावरच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. श्रद्धा तिचं नाव, वय तिशीचं असेल. तिने विचारलं, "काका, उमेदीत किती बैठका मारायचात?"

"हजार. शेवटाला मोजत न्हवतो."

"आता चार. खुर्चीवरून उठायचं, सावकाश बसायचं. असं चार वेळा. आणि सहा मिनिटं चालायचं, घड्याळ लावून."

भिमाजी हसला. ती हसली नाही.

"आन पाचवी मारली तर?"

"नाही मारायची. बरं वाटत असेल त्या दिवशी तर अजिबात नाही. वाईट दिवशी तुम्ही आपोआप थांबाल. चांगल्या दिवशी थांबणं हाच तुमचा व्यायाम आहे. दोन आठवडे त्रास वाढला नाही, तर एक वाढवू."

भिमाजीला ते अपमानासारखं लागलं. अंग 'बास' म्हणतं तिथून खरी मेहनत सुरू होते, हे त्याने पंचवीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. हातात काठी घेऊन शिकवलं होतं. तरी घरी आल्यावर त्याने दार लावलं, गॅलरीचा पडदा ओढला, आणि स्वयंपाकघरातली प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून चार वेळा उठला, चार वेळा बसला. पुढे काय करावं ते त्याला समजेना. घाम आला नव्हता. लाज मात्र वाटत होती.

चालायला तो गच्चीवर जायचा, कारण तिथे कोणी बघत नसे. मोबाइलवर सहा मिनिटांची घंटी लावून टाकीपासून कठड्यापर्यंत फेऱ्या. चारी बाजूंना कंपन्यांचे निळे पत्रे, पलीकडे हायवेवर कंटेनरची रांग. श्रद्धाने दिलेल्या वहीत रोज लिहायचं होतं: किती केलं, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. 'बरं' आणि 'बरं न्हाई' याशिवाय तिसरा शब्द त्याला सुचत नसे.

पण फरक पडत होता. चार महिन्यांनी तो नऊ वेळा उठबस करत होता, तेरा मिनिटं चालत होता. दुखणं होतंच, फक्त आंघोळीनंतर आता आडवं व्हावं लागत नव्हतं.

आणि मग साहेबरावचा फोन आला. साहेबराव त्याचा जुना जोडीदार. दोघे तालमीच्या एकाच हौद्यात, लाल मातीत वाढले, आता तालीम साहेबराव बघायचा. "नवीन मॅट आलीय. रविवारी नारळ फोडायचाय. तू न्हाई आलास तर मी बी फोडत न्हाई."

त्या रविवारी भिमाजीला जाग आली तीच हलक्या अंगाने. असा दिवस वर्षभरात आला नव्हता. तालमीत गेला. तेलाचा आणि लाल मातीचा वास आला आणि त्याला भरून आलं. नारळ फुटला, पेढे वाटले. मग कोणीतरी म्हणालं, "वस्ताद, एकदा दाखवा की."

"गुडघा हाय रे."

"दहाच मारा," साहेबराव म्हणाला.

भिमाजीने सदरा काढला. दहा झाल्या. अंग ऐकत होतं, जुन्यासारखं खालीवर होत होतं. वीस झाल्या. पोरं मोठ्याने मोजायला लागली. चाळीसला श्वास वाजायला लागला, तरी तो थांबला नाही. साठला थांबला, तेव्हा टाळ्यांनी पत्रा दणाणत होता.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या, त्या कोणाच्याही ठणकल्या असत्या. श्रद्धाला काय कळतंय, असं त्याच्या मनात आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहाचा कप उचलला आणि तो हातातून सुटला. फुटलेले तुकडे गोळा करायला वाकणं जमेना. तो भिंत धरत पलंगापर्यंत गेला आणि पडला.

अकरा दिवस तो पडून होता. अंगावरची चादर टोचायची. खालच्या मजल्यावर कोणी भांडं आपटलं की कपाळात कळ जायची. टॉवेल पिळता येत नव्हता. डब्याची बाई दाराशी डबा ठेवून जायची. तो दुपारी कधीतरी उठून तिथेच, उंबऱ्याजवळ बसून दोन घास खायचा.

मोबाइल सारखा वाजत होता. साहेबरावने त्या बैठकांचा व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला होता: 'वय सत्तावन्न, बैठका साठ!' तो आळंदी, देहू, चाकणपर्यंत फिरला. ज्यांच्याशी वीस वर्षं बोलणं नव्हतं त्यांचेही हात जोडलेले मेसेज आले. विकीचाही फोन आला.

"बाबा, व्हिडिओ बघितला! एकदम फिट की राव तुम्ही. मी उगाच टेन्शन घेत होतो."

भिमाजीने फोन कानाशी उशीवरच ठेवला होता. धरून ठेवायची ताकद नव्हती.

"व्हय," तो म्हणाला.

"जेवलात ना?"

"जेवलो."

फोन बंद झाला. आणि त्या दुपारी, छताकडे बघत पडला असताना, त्याला चिमाबाई आठवली.

ती जिन्याच्या वळणावर बसायची. "अंग भरून आलंय, जरा थांबते," म्हणायची. कितीतरी वर्षं. तिचेही रिपोर्ट नॉर्मलच यायचे. भिमाजी म्हणायचा, "हातपाय हलव. बसून बसून दुखतंय तुझं." एकदा त्याने तिला पहाटे उठवून टेकडीपर्यंत भराभर चालवत नेलं होतं. चांगल्या मनाने नेलं होतं. दोन दिवसांनी ती भाकरी थापता थापता परातीशेजारी डोकं टेकून बसली, तेव्हा तो काय म्हणाला होता, तेही त्याला आठवलं. 'नाटकं' म्हणाला होता. ती हृदयविकाराने गेली, या दुखण्याने नाही. पण वीस वर्षं ती या दुखण्यात होती आणि त्याच घरात तो होता. आता हे सांगायचं कोणाला? जिला सांगायचं तीच नव्हती.

बाराव्या दिवशी तो रिक्षाने श्रद्धाकडे गेला. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं.

"किती?" तिने विचारलं.

"साठ."

तिने त्याची वही ओढून त्यात आकडा लिहिला. "आता दोनपासून. चालणं तीन मिनिटं. आणि दिवसभर पलंगावर राहायचं नाही, त्यानेही दुखणं वाढतं. तासाला उठून खोलीतल्या खोलीत फिरा. दोन जिने चढणं हासुद्धा व्यायामच आहे, तो हिशोबात धरा."

"हे पुरतं बरं हुतं का कवा?"

"बऱ्याच जणांचं कमी होतं. पुरतं जाईल असं मी सांगणार नाही, काका."

खरं बोलली, याचंच भिमाजीला बरं वाटलं.

महिनाभरात त्याने तळमजल्यावरच्या भाडेकरू मोनिकाच्या कुटुंबाला वरचा आपला मोठा ब्लॉक दिला, त्याच भाड्यात, आणि जिने चुकवायला स्वतः खाली त्यांच्या दोन खोल्यांत आला. गावात चर्चा झाली. मालक भाडेकरूच्या खोलीत! साहेबराव विचारायला आला, तेव्हा भिमाजीने पहिल्यांदा खरं सांगितलं, आजाराच्या नावासकट. नाव घेताना तो तीनदा अडखळला.

साहेबराव ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मनाचं असतंय रे हे. एकटा राहतोस म्हणून. तालमीत येत जा." चहा पिऊन तो गेला. भिमाजीने वाद घातला नाही. कधीकाळी आपणही हेच म्हणालो असतो, हे त्याला माहीत होतं. तालमीत तो पुन्हा गेला नाही. हळूहळू फोनही कमी झाले.

विकीला त्याने फोनवरच सांगितलं. रविवारी विकी आला, वाशासारखा उंच माणूस, त्या छोट्या खोलीत अवघडून बसला. भिमाजीने त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि पाच वेळा उठबस करून दाखवली. व्हिडिओतला बाप आणि हा बाप, दोघे एकच आहेत हे विकीला जुळवावं लागत होतं.

मग तो म्हणाला, "बाबा, आईला पण हेच होतं का?"

"असंल," भिमाजी म्हणाला. "कोणी बघितलंच न्हाई. मी बी न्हाई."

तीन वाजता त्याला लोडिंगचा फोन आला. जाताना तो दारात थांबून "येतो" एवढंच म्हणाला. नंतर तो दर रविवारी आला असं नाही. महिन्यातून एकदा यायचा, आला की बापाबरोबर गल्लीत दोन फेऱ्या मारायचा. निम्मा वेळ फोनवरच असायचा, पण पावलं बापाच्या चालीने टाकायचा.

एरवी भिमाजी एकटाच चालतो. गच्ची सुटली, आता चालणं गल्लीत, सगळ्यांच्या देखत. सकाळी कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं विचारतात, "पैलवान, गुडघा काय म्हणतोय?"

"गुडघा न्हाई," तो म्हणतो. "सगळंच दुखतं."

बस येते, माणसं चढून जातात. भिमाजी घरी येतो, पंखा लावतो आणि आजचं लिहायला वही उघडतो.