चौथ्या व्हॉल्ववरचा ठिपका

वहिनींनी सगळी नोकरी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, ट्रायल रूमच्या दाराशी उभं राहून केली. आत गेलेली सडपातळ बाई बाहेर येताना भरल्या अंगाची कशी झाली, हे बघणं त्यांचं काम. दुकानातल्या पोरी त्यांना पाठीमागे ‘घार’ म्हणायच्या. वहिनींना ते माहीत होतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पुढे त्या निवृत्त झाल्या, पण नजर काही निवृत्त झाली नाही.

दादा, म्हणजे त्यांचे यजमान, नाटकगृहात आवाजाची यंत्रं सांभाळायचे. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. कान तेवढे शाबूत राहिले. रोज संध्याकाळी वहिनी त्यांची खुर्ची खिडकीशी नेऊन रेकॉर्ड लावायच्या. अँप्लिफायर दादांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं बांधलेला. वर काचेचे, बल्बसारखे चार मोठे व्हॉल्व, दोन डाव्या स्पीकरचे, दोन उजव्याचे. चालू केला की त्यांच्या पोटात नारिंगी उजेड फुलायचा, आणि दादांचा अर्धा चेहरा हसायचा.

एका संध्याकाळी डाव्या स्पीकरमधून गुरगुर सुरू झाली. वहिनींनी वळून पाहिलं, तर डावीकडच्या एका व्हॉल्वमधला करडा पत्रा भट्टीतल्या सळईसारखा लालभडक झालेला. दादा डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवायला लागले. वहिनींनी धावत जाऊन बटण बंद केलं.

हे काम जाणणारा माणूस एकच होता, आणि तोच त्यांना नको होता. धाकटे भावजी. त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी दादांची ड्रिल मशीन नेली होती, “दोन दिवसांत आणून देतो” म्हणून. ते दोन दिवस अजून संपायचे होते. शिवाय या घरी आले की भावजींची नजर आधी अँप्लिफायरवर जायची, मग भावावर. वहिनींनी हे एकदा नाही, दरवेळी टिपलं होतं.

पण दादा दोन संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसले, तेव्हा वहिनींनी फोन केला.

भावजी यायच्या आधी त्यांनी एक बंदोबस्त केला. लेकीची लाल नेलपॉलिशची बाटली घरात पडून होती. त्या पॉलिशनं त्यांनी गार व्हॉल्वना एकेक ठिपका लावला. तिघांना खाली काळ्या बुडावर. चौथा होता मागच्या कोपऱ्यात, जड ट्रान्सफॉर्मरला चिकटून. तिथे बोटं पोचेनात, म्हणून त्याला काचेवरच टेकवला. आता कोणी बदलाबदल करून दाखवावी!

भावजींनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, दुकानात नेतो. दोन दिवसांत—”

“इथंच करायचं. माझ्या डोळ्यांदेखत.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“विश्वास आहे हो. पण तो उंबऱ्याच्या आत आहे.”

भावजींनी प्लग काढला, यंत्र उलटं करून तळाचा पत्रा उघडला आणि एका वायरचं टोक आत टेकवून धरलं. “बंद असलं तरी आत वीज साठून राहते. ती आधी उतरवायची,” ते म्हणाले. वहिनींना ते नाटक वाटलं. मग भावजींनी डावीकडच्या दोन व्हॉल्वच्या जागा आपसात बदलल्या आणि यंत्र चालू करून थांबले. लाली व्हॉल्वबरोबर गेली नाही, जुन्याच जागी परत उमटली.

“बघा. रोग व्हॉल्वमध्ये नाही, खालच्या कपॅसिटरमध्ये आहे. त्यातून वीज गळतेय, म्हणून व्हॉल्वला नको तितकं राबावं लागतंय. पण या राबण्यात व्हॉल्वही गेलाच. डावीकडची जोडीच बदलू, एकटा बदलून चालत नाही.”

“नवी जोडी तुम्ही बरोबरच आणलीत? आधीच कसं कळलं?”

“फोनवर तुम्हीच सांगितलंत ना, लाल झालाय म्हणून.”

उत्तर चोख होतं. चोख उत्तरांचाच वहिनींना जास्त संशय यायचा.

कपॅसिटर बदलून झाला, नवी जोडी बसली. एवढ्यात दादांना ठसका लागला. वहिनी पाणी घेऊन त्यांच्याकडे गेल्या, पाठ चोळत राहिल्या. परत आल्या तेव्हा यंत्र चालू होतं आणि भावजी मीटर लावून वाकून बसले होते. चांगला तासभर चालवून पाहिलं. दादांचा अर्धा चेहरा हसला. काढलेले दोन व्हॉल्व वहिनींनी मागून घेतले, बुडावरचे ठिपके पाहिले. दोन्ही जागच्या जागी. भावजी चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी उजवीकडची जोडी तपासली. पुढच्याच्या बुडावर ठिपका होता. मागच्या, चौथ्या व्हॉल्वची काच कोरी. कसलासा तपकिरी डाग तेवढा होता, पण लाल म्हणून काही नाही.

‘ठसका लागला तेवढ्यात हात साधला,’ त्यांच्या मनानं निकाल देऊन टाकला. शेजारणीला दादांपाशी बसवून त्या नेलपॉलिशची बाटली पर्समध्ये टाकून थेट भावजींच्या दुकानात गेल्या.

दुकानात पंख्यांची पाती, टीव्हीची पोटं, वायरींची भेंडोळी. काचेच्या कपाटात व्हॉल्वची रांग, आणि त्यांत अगदी घरच्यासारखे दोन. भिंतीवर खिळ्याला दादांची ड्रिल मशीन.

“चौथा कुठाय?” वहिनींनी दारातूनच विचारलं.

“कोण चौथा?”

“साळसूदपणा पुरे, भावजी. मी खुणा केल्या होत्या. मागच्या व्हॉल्ववरची खूण गायब आहे. आजारी भावाच्या घरात हात मारलात! लाज नाही वाटली?”

भावजींचा चेहरा पडला. हातातला पाना त्यांनी टेबलावर ठेवला. “कसली खूण?”

वहिनींनी बाटली पुढे धरली.

“कुठे लावली होती?”

“तिघांना बुडावर. याला काचेवर.”

टेबलावर कोणाचा तरी जुना अँप्लिफायर दुरुस्तीला आला होता. त्याच्या व्हॉल्वच्या काचेवर भावजींनी ठिपका लावला, यंत्र चालू केलं आणि स्टूल पुढे सरकवलं. “बसा.”

वहिनी बसल्या नाहीत. थोड्या वेळानं करपट वास सुटला. ठिपक्याला फोड आले, तो तपकिरी झाला, मग काळवंडून त्याचा पापुद्रा निघाला. खाली डाग उरला, सकाळी पाहिला होता अगदी तसाच. आता वहिनी स्टुलावर बसल्या.

“बूड त्या मानानं थंड राहतं,” भावजी हळू आवाजात म्हणाले. “काच नाही राहत.”

वहिनी म्हणाल्या, “शब्द मागे घेते. सगळे नाही. व्हॉल्वचा तेवढा.” आणि भिंतीवरच्या मशीनकडे पाहिलं.

भावजींनी मशीन खिळ्यावरून काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. मग मान खाली घालून म्हणाले, “आता निघालंच आहे तर सांगतो. तो अँप्लिफायर मला हवाय. दादा बांधत होता तेव्हा बॅटरी धरून मी शेजारी बसायचो. तेव्हापासून हवाय. पण तो ऐकतोय तोवर नको. आणि चोरून तर नकोच.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वहिनींना भावजींचं बोलणं खरं वाटलं. हवं म्हणून तोंडानं सांगणारा माणूस परवडतो, असं त्यांना कपड्यांच्या दुकानात उभं राहून कळलं होतं. नको नको म्हणणाऱ्यांच्याच पिशव्या तपासाव्या लागायच्या.

“रविवारी या,” त्या उठत म्हणाल्या. “तो मीटर कसा लावायचा ते मला शिकवा.”

“तुम्हाला कशाला?”

“म्हणजे तुमच्यावर डोळा ठेवायला नको. माझीही मान अवघडते.”

भावजी रविवारी आले. दादांनी यंत्राच्या वरच्या पत्र्यावर मीटरच्या सुया घालायला भोकं ठेवली होती आणि प्रत्येक भोकाशेजारी व्हॉल्वची वीज कमी-जास्त करायचा एक बारीक स्क्रू. वहिनी चष्मा चढवून खाली बसल्या. झटका बसू नये म्हणून एक हात पाठीमागे ठेवायचा, दुसऱ्यानंच काम करायचं, हे भावजींनी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. यंत्र तापू दिलं. मग वहिनींनी सुई घातली, काटा पाहिला, आणि भुवया उंचावल्या.

“हा तर तुम्ही सांगितलेल्या आकड्याच्या वर आहे. तुम्हीच लावला होतात ना?”

भावजी वाकले. काटा खरंच वर होता. “नवे व्हॉल्व सुरुवातीला जरा सरकतात, वहिनी. म्हणून तर परत बघायचं असतं.”

“असं तुम्ही म्हणता,” वहिनी म्हणाल्या आणि स्क्रू हलकेच उलटा फिरवला. काटा खाली येऊन जागेवर थांबला.

खुर्चीतून दादांचा खरखरीत आवाज आला. ते हसत होते. बायकोला हसत होते की भावाला, ते कळायला मार्ग नव्हता. वहिनींनी दोघांकडेही एकेकदा पाहून घेतलं आणि रेकॉर्ड लावली.